हवा घेणारे इंजिन

वडील आषाढात गेले. होड्या तेव्हा किनाऱ्यावर नारळाच्या झापांखाली होत्या. समुद्राने त्यांना नेले नाही. घरातच, खाटेवर, धाप लागून गेले. शेवटच्या दोन दिवसांत त्यांचा श्वास तीनदा ओढला जाई आणि थांबे. त्या थांबण्यात आम्ही घरातले सगळेच थांबत असू, चुलीवरचे पाणीसुद्धा.

श्रावणात समुद्राला नारळ दिला. कळंबच्या किनाऱ्यावरच्या होड्या एकेक करून पाण्यात उतरल्या आणि आमची तेवढी वाळूवर राहिली. धाकटा भाऊ इंजिनाला हँडल मारी. इंजिन तीन ठोके देई आणि थांबे. पुन्हा हँडल, पुन्हा तीन. पहिल्यांदा ते कानी आले तेव्हा आईने दोन्ही कानांवर पदर ओढून घेतला.

"तुमच्या बापाला नको हाय," ती म्हणाली. "पोराने पान्यात जाऊ नये, असं त्याच्या मनात हाय. बोलता येत नाय, म्हनून असं सांगतो."

तीन दिवस भाऊ घामाने निथळत राहिला. त्याच्या तळव्यांना फोड आले. तिसऱ्या संध्याकाळी आईने निकाल दिला: उद्याच्या भरतीपर्यंत मशीन चालले नाही, तर ते उतरवायचे, होडी देऊन टाकायची आणि भावाने तुळिंजच्या गोदामात मिळणारी नोकरी धरायची.  त्याने फोडांना खोबरेल लावले आणि ताट न संपवता उठला. समुद्रावाचून त्याला दुसरे काही येत नव्हते, हवेही नव्हते.

मी माणिकपूरला मुलींना कविता शिकवते. भुते नसतात, असे वर्गात उभे राहून सांगू शकते. त्या तीन ठोक्यांनंतरच्या शांततेत, ओल्या वाळूवर उभी असताना, ते मला सांगता आले नसते.

सकाळी वडिलांचे जुने जोडीदार आले. दोघांनी वीस-बावीस वर्षे एका जाळ्याला हात लावला होता. मोतीबिंदूने त्यांचे डोळे दुधाळले आहेत. आता ते बोटांनी बघतात.

"डिझेल हाय?" त्यांनी विचारले.

"टाकी भरलेली हाय, काका."

"टाकी भरली रे. मशीनला मिळतंय का? भांडं भरलं म्हनजे मानूस जेवला, असं नाय."

त्यांनी फिल्टरची वाटी उघडायला लावली. आतले तेल चिमटीत चोळले, नाकाशी नेले. पाणी नव्हते. मग पंपावरचा छोटा स्क्रू सैल करवला आणि भावाला हाताने तेल चढवायला सांगितले. स्क्रूच्या कडेने फेस आला, ओहोटीच्या रेघेवर उरतो तसा बारीक, फुटत जाणारा. फेस संपून मधाच्या रंगाचे स्वच्छ तेल आले, तसा स्क्रू आवळला. हँडल मारले. इंजिन दहा-बारा ठोके चालले.  मग ते विझले. स्क्रू पुन्हा उघडला, पुन्हा फेस.

"हवा घेतंय," काका म्हणाले. "तेल गळतं ती जागा डोळ्याला दिसते. हवा शिरते ती दिसत नाय." मग माझ्याकडे मान वळवली. "बाय, घरातनं साबन आन. कपड्याचा. एकेक जोड लिपून बघू. ज्या जोडावर मशीन दम धरील, तो चोर."

"साबन? मशीनला न्हाऊ घालून लगीन लावताय काय, काका?" भावाने विचारले.

"तुझं लागायला पायजे ना? आधी मशीन चालू दे, मग पोरगी बघू."

तीन दिवसांनी भाऊ हसला.

मोरीत साबणाची वडी ओली केली. तो वास वर आला आणि माझा हात तिथेच राहिला.

आमच्याकडे दहाव्याला गेलेल्या माणसाच्या वापरातल्या सगळ्या वस्तू धुतात. चादर, तांब्या, कंदील, दोर. ज्याने त्याने एकेक वाटून घेतले होते. मी इंजिन मागून घेतले होते. इंजिन आजवर कुणी धुतले नव्हते. पावसात, झापांखाली वाकून, रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन मी ते पितळेपर्यंत घासले. टाकीच्या खाली, जिथे माझ्यासारखा, वडिलांसारखा बारीक हातच पोचतो, नळीच्या जोडावर एक पिवळट कडक गोळा होता, त्यावर काळा दोरा गुंडाळलेला. गोळ्यावर अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या होत्या. त्या मला दिसल्या होत्या. खरवडताना साबणाचा हाच वास आला होता, तरी मळ समजून मी सुरीच्या टोकाने तो गोळा काढून टाकला आणि खालची चकाकी बघून समाधान पावले.

गप्प राहणे सोपे होते. काकांना दिसत नव्हते, भावाचा रुंद पंजा तिथवर जात नव्हता. भरती येऊन निघून गेली असती. भाऊ गोदामाच्या कोरड्या फरशीवर, पंख्याखाली, सुखरूप राहिला असता. आणि वडील त्या इंजिनात राहिले असते, नको नको म्हणत. आईला तेवढे तरी उरले असते, मलाही.

आई उंबऱ्यात बसली होती. "साबन कशाला नेतेस? नको म्हनतो ना तो."

"तो नाय म्हनत, आये. ते मी केलंय."

मी सगळे सांगितले. ती रडेल असे वाटले होते. ती उठून उभी राहिली.

"म्हनजे इतकी वर्सं साबनाच्या गोळ्यावर दर्यात जात होता हा मानूस? आनि मला सांगायचा, मशीन वाघ हाय माझं!" तिच्या गालांवर रंग चढला. ते गेल्यापासून ती पहिल्यांदाच त्यांच्यावर रागावली होती.

आम्ही दोघी किनाऱ्यावर गेलो. मी टाकीखाली हात घातला, जोड चाचपला, साबण भरून अंगठ्याने दाबला. भावाने हँडल मारले. एक, दोन, तीन. मी श्वास धरला. चौथा ठोका आला, पाचवा आला, मग मोजता येईना. पायाखालची वाळू थरथरू लागली. काका होडीच्या फळीवर हात ठेवून बसले, घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा.

भरती होडीला टेकली होती. भावाने समुद्राकडे बघितले नाही, आईकडे बघितले.

"बंद कर ते," ती म्हणाली. "साबनावर कोनी जायचं नाय. नालासोपाऱ्याला जा, नवी नळी आन, बसव. मग जा."

शेवटचे दोन शब्द ऐकल्यावर त्याने मोटारसायकलची किल्ली मागितली.

दुसऱ्या दिवशी, नवी तांब्याची नळी बसवून, तो गेला.

संध्याकाळी आई तांदूळ धूत होती. इतकी वर्षे, किनाऱ्याकडे पाठ करूनही, तिला आमची होडी कळत असे. त्या इंजिनाच्या ठोक्यांत मधूनच एक ठोका अडखळे, आवंढा गिळल्यासारखा, आणि ती भात चुलीवर चढवी. साबणातून सुटून आत शिरणारी ती थोडी हवा होती. सुरूच्या झाडांपलीकडून होड्या परतू लागल्या. एक आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे सरळ, सगळे सारखे.

"आपली कोनची गं?" आईने विचारले.

मी कान दिला. सांगता आले नाही. तांदूळ तसेच पाण्यात ठेवून आम्ही दोघी बघायला बाहेर पडलो.