गोमूत्रानं पुसलेल्या पट्ट्या

मी स्टुलावरून उठले आणि वकिलीणबाईंनी पियानो पुसायला घेतला. कोरड्या फडक्यानं नाही. तांब्याच्या वाटीत गोमूत्र होतं. त्यात त्यांनी चिंधी बुचकळली आणि डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत फिरवत गेल्या. आधी पांढऱ्या पट्ट्या, मग काळ्या. चिंधीचा दाब पडला की पट्टी वाजायची. सगळा पियानो खालपासून वरपर्यंत बेसूर ओरडत गेला. मी तिथंच उभी होते. हातभर अंतरावर.

"मनाला लावून घेऊ नकोस हो," त्या म्हणाल्या. "तुझं काही नाही. पलीकडे देवघराची भिंत आहे ना, म्हणून."

गोड बोलल्या. शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला शिवी देता येते. या गोडपणाचं काय करायचं ते सोळाव्या वर्षी मला ठाऊक नव्हतं.

वकीलसाहेब समोरच आरामखुर्चीत होते. अंगात खादी. वर्तमानपत्र उघडून धरलेलं, इतकं उंच की डोकं दिसू नये. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते तुरुंगात जाऊन आले होते. डोंबिवलीत सभा असली की जातिभेदावर तेच बोलायचे, आणि फार छान बोलायचे. बायको पियानो पुसून उठेपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही.

त्यांची मुलगी कुसुम माझ्याच वयाची. ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

तो पियानो त्यांचा होण्याआधी मला माहीत होता. कल्याणच्या रेल्वे कॉलनीत एका गोऱ्या ड्रायव्हरच्या घरी तो होता. माझी आई त्या घरी झाडलोट करायची. बाप लोको शेडमध्ये इंजिनाची राख काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी जलशात डफ वाजवायचा. आम्ही राहायचो शेडच्या मागच्या महारवाड्यात. ड्रायव्हरच्या बायकोला आम्ही मडम म्हणायचो. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा सतत गाडीवर. आईबरोबर मी जायची, पियानोकडे बघत उभी राहायची. एक दिवस तिनं मला स्टुलावर बसवलं.

मडम काही देवी नव्हती. साबणानं हात धुतल्याशिवाय पट्टीला बोट लावू द्यायची नाही. बोट वाकडं पडलं की फूटपट्टी मारायची. पण वाजवायला बसताना ती स्वतःही त्याच साबणानं हात धुवायची. हा फरक मला पुढं डोंबिवलीत कळला.

तिची गाणी मी शिकले. पण माझ्या कानात भलतंच होतं. त्या वर्षांत एका गडाचा पोवाडा गल्लोगल्ली गाजत होता. गणपतीत, जयंतीला, लग्नातसुद्धा. आमच्या जलशात तो माझा बाप आणि त्याचे साथीदार असा म्हणायचे की अंगावर काटा यायचा. मला तो पियानोवर पाहिजे होता. मडम म्हणाली, पियानो यासाठी नसतो. मी म्हटलं, कशासाठी असतो ते पियानो सांगेल.

सोपं नव्हतं. शाहीर वरच्या आवाजात हाक टाकतो, तेव्हा आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. पियानोत सूर घसरत नाही. पट्टी दाबली की सूर, सोडली की संपला. मी रडकुंडीला आले. मग करता करता सापडलं. शेजारची पट्टी अगदी निसटती वाजवायची आणि लगेच खऱ्या पट्टीवर यायचं. कानाला वाटतं, घसरला. डाव्या हाताला डफ दिला. खालच्या जाड सुरांच्या दोन पट्ट्या, एक दाबून, एक उडवून. बाप कामावरून सुटला की मडमच्या मागच्या पायरीवर येऊन बसायचा. कानात, भुवयांत राख. डोळे मिटून ऐकायचा आणि पायरीवर बोटं आपटायचा.

"तुझा डफ मागं ऱ्हातोय पोरी," म्हणायचा. "शाहीर थांबत नसतो. तूच पळ त्याच्यासंगं."

ज्या दिवशी सगळा पोवाडा न अडखळता वाजला, त्या दिवशी बापानं पायरीवरूनच "जी जी रं जी" अशी झील धरली. मडमनं आतून दार आपटलं. आम्ही दोघं खूप हसलो. माझ्या आयुष्यात त्या पियानोशी जोडलेलं तेवढंच एक सुख आहे.

पुढं साहेब लोक विलायतेला निघाले. मडमही निघाली. सामान विकायला काढलं. पियानो बघायला डोंबिवलीहून वकीलसाहेब आले. पियानो चालू आहे ना ते दाखव, असं मडम मला म्हणाली. मी पोवाडा वाजवला. वकीलसाहेब उभे राहून ऐकत होते. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. खोटं नव्हतं ते. "वा वा!" म्हणाले. "आपला पोवाडा आणि विलायती वाद्य! शिवजयंतीला हेच व्हायला पाहिजे. कुणाची ग तू?"

मी सांगितलं. बापाचं नाव, वस्ती, सगळं.

त्यांचं हसू तोंडावर राहिलं, पण मागचा माणूस निघून गेला. मग परत आला. "आम्ही असलं काही मानत नाही," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

ठरलं ते असं. दर रविवारी मी डोंबिवलीला जायचं आणि कुसुमला शिकवायचं. तिचं लग्न जमवायचं होतं, मुलीला पियानो येतो म्हटलं की स्थळं वरची येतात. आणि शिवजयंतीला वाचनालयाच्या हॉलमध्ये पोवाडा मी वाजवायचा. "व्यासपीठावर तू बसशील. शब्द देतो," वकीलसाहेब म्हणाले. त्या शब्दावर मी गेले. खरं सांगायचं तर पियानोसाठी गेले. तो नसता तर मी त्या घराच्या मागच्या दारानं आत शिरले नसते. हो, मागच्याच दारानं. पुढच्या दाराला आल्यागेल्याचा राबता असतो, असं कारण होतं. त्या घरात प्रत्येक गोष्टीला कारण असायचं.

दर रविवारी मी उठायची आणि ती चिंधी फिरायची. मी वस्तीत कुणाला सांगितलं नाही. बापाला तर नाहीच. त्यानं अख्ख्या महारवाड्यात सांगून ठेवलं होतं, माझी पोर शिवजयंतीला पोवाडा वाजवणार, बामणांच्या हॉलमध्ये, पुढं बसून. बायका आईला विचारायच्या, लुगडं कोणतं नेसवणार. सगळ्यांचा जीव त्यात अडकला होता. माझा सगळ्यात जास्त.

मडमकडे एकदा मुंबईहून दुरुस्तीवाला आला होता, तेव्हा मी पियानो उघडा बघितला होता. आत लहान लहान हातोड्या. कुठं कुठं चामड्याचे तुकडे चिकटवलेले. पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंत. म्हणजे मेलेल्या हत्तीचा दात चालतो. मेलेल्या जनावराचं कातडं देवघराच्या भिंतीला टेकलेलं चालतं. जिवंत पोरीचं धुतलेलं बोट चालत नाही. असा हिशोब कुठल्या शास्त्रात बसतो, ते त्या घरातल्या एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

पण लाकूड ते लाकूड. दर आठवड्याला ओलं केलं तर फुगणारच. आधी मधल्या दोन पट्ट्या जड झाल्या. मग खाली गेल्या की वर येईनात. बोटानं उचलाव्या लागायच्या. एका पट्टीवरचा हस्तिदंत सुटून हातात आला. जवळ गेलं की पियानोला गोठ्याचा वास यायचा. माझ्या पोवाड्यातली सगळ्यात उंच हाक त्या अडकलेल्या पट्टीवर येऊन मरायची.

वकिलीणबाई कुसुमला म्हणाल्या, "हिच्या हाताला जोर फार. कामाचे हात ते. तू आपलं हळू दाब हो."

मी कुसुमकडे बघितलं. पट्ट्या कशानं अडकतात ते तिला माहीत होतं. तिनं हळूच पट्टी उचलून दिली मला, आणि आईनं सांगितलं तशी हळू दाबू लागली.

शिवजयंतीच्या सकाळी पियानो हॉलवर गेला. बैलगाडीपर्यंत चार हमालांनी उचलला. चौघंही आमच्या वस्तीतले, त्यांनीच नंतर सांगितलं. दोऱ्या खांद्यावर, छाती पियानोला घासतेय, घाम त्याच्या लाकडावर. तेव्हा कुणी वाटी आणली नाही.

संध्याकाळी मी गेले. आईनं हिरवं लुगडं नेसवलं होतं. हॉल भरत होता. पियानो व्यासपीठावर होता, पण बाजूच्या पडद्यात अर्धा शिरलेला. मागचं लाकूड लोकांकडे, पट्ट्यांची बाजू पडद्याआड. समोर मधोमध कुसुम. डोक्याला फेटा, हातात डफ.

"हे काय?" मी विचारलं.

वकीलसाहेब मला बाजूला घेऊन गेले. आवाज अगदी मायेचा. "हे बघ, अध्यक्ष जुन्या वळणाचे आहेत. कुसुम म्हणेल, तू आतून वाजव. अग, लोकांना आवाजाशी मतलब. पुढच्या वर्षी आपण नक्की तुला पुढे बसवू."

"तुम्ही शब्द दिलेला."

"शब्द मोडतोय का मी? व्यासपीठावरच आहेस ना तू?"

वकील होते. त्यांना पळवाट काढायला वेळ लागला नाही.

मी पडद्याच्या फटीतून हॉलमध्ये बघितलं. खुर्च्या भरलेल्या. त्यांच्या मागं, हॉलच्या पुढच्या दाराबाहेर आमची माणसं उभी. आत कुणी बोलावलं नव्हतं, त्यांनीही पाऊल टाकलं नव्हतं. बाप सगळ्यांच्या पुढं. धुतलेला सदरा, राख घासून घासून काढलेला चेहरा. मान उंच करून तो व्यासपीठावर मला शोधत होता. डावीकडे बघ, उजवीकडे बघ. मी कुठंच दिसत नव्हते.

तिथं माझं डोकं फिरलं. मला वाईट वाटलं, रडू आलं, असं काही नाही. राग आला. पायापासून आला. इतके रविवार गिळलेला, एकदम आला.

मी जाऊन स्टुलावर बसले. वकिलीणबाई माझ्या मागं उभ्या. हातात पिशवी, पिशवीत तांब्याच्या वाटीचा काठ दिसत होता. कार्यक्रम संपला की पियानो घरी न्यायचा, त्याआधी इथंच पुसून घ्यायचा. किती जपतात बघा.

टाळ्या झाल्या. कुसुमनं डफावर थाप दिली आणि वाट बघितली. मी वाजवलं नाही. तिनं पुन्हा थाप दिली. लोक खोकले.

"वाजव ना," वकीलसाहेब माझ्याजवळ येऊन दातओठ खाऊन म्हणाले.

मी उठले आणि पडदा बाजूला सारला. सरळ खेचून, कड्या खळखळ वाजवत. हॉलभर माणसं माझ्याकडे बघत होती. मी मोठ्यानं म्हणाले,

"मी वाजवते. पण मी उठले की ह्या बाई हा पियानो गोमूत्रानं पुसतात. दर रविवारी. आजही वाटी आणलीय. तर आज आधी पुसा. इथं, सगळ्यांसमोर. मग मी वाजवते, आणि मग पुन्हा पुसा."

वकिलीणबाईंनी पिशवी पदराआड घेतली. मी हात केला त्यांच्याकडे. "पुसा ना. देवघराची भिंत इथं नाही, पण लाजता कशाला?"

मग एकदम कल्ला. "आजच्या दिवशी हे कशाला?" "हिला वर घेतलं कुणी?" एकानं माझी जात काढून शिवी हासडली. शिवी ऐकून मला बरं वाटलं. निदान हा माणूस खोटा नव्हता. वकीलसाहेब हात जोडून म्हणत होते, गैरसमज आहे, गैरसमज आहे. अध्यक्ष उठून गेले. कुसुम फेटा घालून तशीच उभी होती.

मी पियानोचं झाकण लावलं. व्यासपीठावरून खाली उतरले ती खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, पुढच्या दारानं बाहेर पडले. लोक अंग चोरून बाजूला झाले. त्यांना वाटलं ते विटाळ टाळताहेत. मला रस्ता मोकळा मिळाला.

बाप माझ्याबरोबर चालू लागला. मग म्हणाला, "वाजवायचा व्हतास की पोरी. कानावर तर पडला असता मानसांच्या." त्याचा आवाज चिरकला होता. मी त्याला सगळं सांगितलं. रविवार, चिंधी, वाटी. तो रस्त्यातच थांबला. "आन् तू मला आज सांगतीस?" एवढंच म्हणाला, आणि थुंकला.

महिन्याभरानं कुसुम आली. आमच्या वस्तीत, एकटी, डोक्यावर छत्री. दाराबाहेर उभी राहिली. तिला बघायला मुंबईहून पाहुणे येणार होते आणि पोवाडा अर्धाच शिकून झाला होता. "बाबा म्हणतात, झालं गेलं विसरून ये. आता पुढच्या दारानं ये म्हणतात. आई पुसणार नाही, मी तिला सांगितलंय."

"आत ये," मी म्हटलं.

ती उंबऱ्याकडे बघत राहिली. आईनं पितळेच्या पेल्यात पाणी भरून पुढं धरलं. कुसुम पेल्याकडे बघायची, आईकडे बघायची. तशी वाईट मुलगी नव्हती ती. तेच तर. तिच्या घरातलं कुणीच वाईट नव्हतं.

"मला तहान नाहीये," ती म्हणाली.

एवढ्या उन्हातून चालत आलेली. ओठ सुकलेले.

"मग पोवाडाही नाही," मी म्हटलं. "तुझ्या बाबांना सांग, पियानो त्यांनी विकत घेतला. माझे हात विकत घेतलेले नाहीत. पुढचं दार उघडलं म्हणून मी येणार नाही. ज्याला माझ्याकडून शिकायचंय त्यानं इथं यायचं, खाली बसायचं, आमच्या घरचं पाणी प्यायचं, आणि कुणाकडून शिकलो ते चार लोकांत नाव घेऊन सांगायचं. हे जमत नसेल त्याला माझ्याकडून एक सूर मिळणार नाही. तुलाही नाही."

कुसुम गेली. आई म्हणाली, फार तोडून बोललीस. मी म्हटलं, अजून तोडायचंय.