मांडीवरचे खळगे

माझी थोरली बहीण गेली. बाराव्याला तिची नणंद गळा काढून म्हणाली, "वहिनीले आम्ही फूलगत जपं." मी तिच्याकडे पाहिलं आणि पान वाढायला उठले. खोटं बोलतानाही या घरातल्या माणसांना ठसका लागत नाही.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी बहिणीचं लग्न झालं. पोळ्याच्या सुमाराला ती सासूबरोबर गोमाई नदीवर धुणं धुवायला गेली. लुगडं वर खोचलेलं होतं. मांडीच्या मागच्या बाजूला कातडीवर बारीक खळगे सासूला दिसले.

"हाई काय शे व? रोगनी पोर मन्हा पोरगाना गळामा बांधी!"

दुसऱ्याच दिवशी तिला माहेरी आणून सोडलं. बरी झाली तरच नेऊ, नाहीतर मुलाचं दुसरं लग्न करू, असं बजावून गेले.

आमच्याकडचं शहाणपणही त्याच तोलाचं. दूषित रक्त साठलंय, असं भावकीतल्या बायकांनी ठरवलं आणि तुंबडीवाली बोलावली. तिने दर आठवड्याला कातडीवर चरे पाडले, शिंग लावलं, रक्त ओढलं. वर एरंडेल चोळून तापल्या विटेने शेक. जेवायला अर्धी भाकरी. खळगे होते तिथेच राहिले, भोवती काळेनिळे डाग मात्र उठले.

शेवटी, दसऱ्यानंतर, मी हट्टाने तिला नंदुरबारला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "कातडीखाली चरबी असते. तिच्यातून बारीक धागे गेलेले असतात. ते आत ओढतात, मधली चरबी वर येते. गादीला टाके घातल्यावर दिसतं ना, तसं. वयात आलेल्या बहुतेक बायकांना असतं, आईकडून लेकीला येतं. याने काही बिघडत नाही. चोळून, उपाशी राहून ते जात नाही. औषध हवंय ते या जखमांना."

आईने विहिणीच्या घरी जाऊन हे सांगितलं. "मन्हाबी पाय असाच शेतस, ईहीनबाई. मले काय व्हयनं?"

"तुन्हं तू जान," विहिणीने तोंड फिरवलं. तिच्या स्वतःच्या मांड्या कशा होत्या, हे विचारायची सोय नव्हती.

मग कापूस फुटला. त्या वर्षी वेचायला मजूर मिळेनात. एका सकाळी तिचा दीर बैलगाडी घेऊन दारात हजर.

"वहिनीले लवकर धाडा. कापूस खाली पडी जाई."

रोगाचं कोणी नावही काढलं नाही. आईने लगबगीने ओटी भरली, देवापुढे साखर ठेवली. बहीण मला म्हणाली, "तुंबडीवालीले सांग, तुन्हा गुण कपाशीले उना." गुण आला तो कपाशीला! मी हसले. तिला मात्र हसू आलं नाही.

मांडीवरचे चरे अजून ओले होते. सरळ बसवेना, म्हणून ती गाडीत कुशीवर कलंडली. दिराने बैल हाकले. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती शेतात वाकून कापूस वेचत होती.