आमची चेष्टा, त्याची चेष्टा

दारूच्या बाबतीत माझा लौकिक असा, की जयेंद्रगंजच्या बाजारातून मी नुसता चालत गेलो तरी भिंतींवरच्या पाली झिंगून खाली पडत. हा लौकिक अर्थात मीच पसरवलेला. कॉलेजात असताना अकरा बाटल्या रिचवून मी शहरातल्या किल्ल्याची चढण उलट्या पावलांनी चढलो, उतरून तडक पेपर लिहिला आणि पहिला आलो, ही कथा हरिशंकरपुरमच्या आमच्या घरी दर रविवारी पानावर बसलं की व्हायची. ऐकायला भाचा असे. बहिणीचा मुलगा, इंजिनीअरिंगसाठी आमच्याकडे राहणारा. सोबत त्याचे दोन मित्र. "मामा, वो किले वाला किस्सा!" एवढं म्हटलं की मी सुटलोच.

खरं म्हणजे जन्मात एकदा, सर्दीवर म्हणून, मी चमचाभर ब्रँडी घेतली होती. दोन दिवस अंथरुणात होतो.

गेल्या हिवाळ्यात भाचा सकाळच्या पेपरला पिऊन गेला. वर्गातून बाहेर काढला. घरी आला तो बूट हातात घेऊन.

"कुणी शिकवलं रे हे?"

"सीनियर देतात, दोस्त हसतात, ना कसं म्हणणार?" मग अगदी आदराने, "और आपने तो ग्यारह पी थीं, मामा. मैंने तो सिर्फ तीन."

"अरे गाढवा, ती सगळी चेष्टा होती!"

आपल्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा. पण पोराचं मराठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच. पुढे सगळी हिंदी, आणि हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्याने समजूतदारपणे मान हलवली.

"मेरी भी चेष्टा ही चल रही है, मामा. जमेल हळूहळू."

मी फोड करून सांगितलं, देवाची शपथ घेतली. बायकोने साक्ष दिली, "यांना खोकल्याच्या औषधानेसुद्धा चढते." तो म्हणाला, "मामी, आता तुम्ही पण?"

संध्याकाळी बहिणीचा फोन. "दादा, तुझ्या नजरेखाली आहे, म्हणून मला घोर नाही." तासन्तास बोलणारा मी, "हो" म्हणालो आणि फोन ठेवला.

रविवारी तिघे जेवायला बसले तेव्हा मी किल्ला बाजूला ठेवून चमच्याची हकिकत सांगितली. अक्षर न् अक्षर खरी. पोरं हसून हसून पाटावरून कलंडली. "चम्मच से! मामा, ये तो आज तक की सबसे बड़ी गप है!"

सगळ्यांत जास्त भाचा हसला. ठसका लागला म्हणून त्याने पाण्याचं भांडं उचललं. ठसका थांबला होता, भांडं दोन्ही हातांनी धरलं होतं, तरी पाणी सांडत होतं.