मालागाची वाळू

आयुष्यात सगळ्यात जास्त देणं कुणाचं लागतोस, असं कुणी विचारलं तर मी भूगोलाच्या सरांकडे बोट दाखवीन. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे. दहावीच्या वर्षी सरांनी मला अभ्यासासाठी आपल्या घरी ठेवून घेतलं, आणि काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, काही न विचारता माझं ताट वाढलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला मी बावरून उभा होतो तेव्हा सर शेजारी होते. मी आज इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत नोकरी करतो, त्याची सुरुवात त्या घरातल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी झाली.

सरांची मुलगीही लग्नानंतर कॉव्हेंट्रीत आली. मी तिला ताई म्हणतो. त्या वर्षी तिच्या बाळंतपणासाठी काकू आल्या. सरांना शाळा होती, ते आले नाहीत. काकू परत जायच्या आधी, सप्टेंबरात, ताई आणि भावोजींनी स्पेनमधल्या मालागाला जायचं ठरवलं. "तूही चल, आईला फिरवायला कुणीतरी हवं," ताई म्हणाली. 

निघायच्या आधी सरांचा फोन आला. सर फोनवर फार बोलत नाहीत. त्यांना पत्रच लागतं. पण त्या दिवशी बोलले.

"हे बघ, हिनं समुद्र पाहिलेला नाही. मीही नाही. दर सुट्टीत कोकणात जाऊ म्हणायचो आणि दर सुट्टीत काहीतरी निघायचं. आता ही म्हणते, तुमच्याआधी मी पाण्यात पाय घालणार नाही. माझ्यासाठी तिनं अडून राहू नये. तिला लांबून समुद्र दाखवून आणू नकोस, पायाला लागू दे."

"तुम्हीच सांगा ना काकूंना."

"माझ्या सांगण्यावरून गेली तर ती पुन्हा माझ्यासाठीच गेल्यासारखं झालं. मी बोललो हे सांगू नकोस."

सरांनी माझ्याकडे आजवर काहीही मागितलं नव्हतं. हे पहिलंच मागणं.

पहिले दोन दिवस बाळाच्या दुधाच्या वेळा सांभाळण्यात गेले. तिसऱ्या दिवशी ताई आणि भावोजी बाळाला घेऊन हॉटेलात थांबले आणि मी काकूंना घेऊन निघालो. सरांनी फळ्यावर लिहून दिलेलं भूमध्य सागरी हवामान मी पाठ केलं होतं: कोरडा उन्हाळा, हिवाळ्यात पाऊस, द्राक्षं, ऑलिव्ह, लिंबाच्या जातीची फळं. इथे ते सगळं रस्त्यावर उभं होतं. रस्त्याच्या कडेला संत्र्याची झाडं बघून काकू थांबल्या.

"संत्र्यासाठी मला विमानात बसवून आणलं होय? आमच्या नागपूरला काय कमी होती?"

टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यावर आम्ही चढलो. वरून समुद्र दिसला, निळा, शांत, आकाशाला टेकलेला. काकू बराच वेळ कठड्याला धरून उभ्या होत्या.

"अरे बाप्पा," त्या म्हणाल्या, "इतकं पाणी कशाला लागतं कुणाला?"

"जवळून बघू या ना काकू. खाली उतरलं की किनारा आहे."

"बघितला की. झालं."

"नुसते पाय बुडवा."

"तुझे सर आले की बुडवीन. हट्ट करू नकोस."

पुढे मोठं चर्च लागलं. दारापाशी काकूंनी सवयीने पायातले कॅनव्हासचे बूट काढले आणि पायरीच्या कडेला नीट जोडून ठेवले. त्यांनी काढले म्हणून मीही काढले. आजूबाजूचे लोक बूट घालूनच आत जात होते, पण काकू म्हणाल्या, "त्यांचं त्यांच्यापाशी. देव तो देव." आत गार होतं. काकूंनी हात जोडले, रंगीत काचा पाहिल्या, एका बाकावर टेकल्या. आम्ही बाहेर आलो तर पायरी मोकळी.

दाराशी लॉटरीची तिकिटं विकणारी एक बाई होती. मी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. तिने झाडू मारल्याची खूण केली, मग कचऱ्याच्या गाडीची, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. कुणीतरी टाकून दिलेत असं समजून झाडणाऱ्याने ते उचलून नेले होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मात्र खूश.

"देवळातनं चप्पल गेली की साडेसाती जाते. आता हा देव दुसरा आहे, पण साडेसाती तीच ना?"

"काकू, अनवाणी कुठवर चालणार?"

"शाळेत अनवाणीच येत होतास ना रे? साहेब झाला, तळवे नाजूक झाले."

भर दुपार होती आणि त्या वेळी तिथली दुकानं बंद होतात. एका हॉटेलातल्या वेटरने किनाऱ्याकडे हात केला. तिथल्या टपरीवर रबरी स्लिपर मिळतील म्हणाला. सावली सावली धरत आम्ही गेलो. टपरी रस्त्यावर नव्हती, वाळूत पुढे होती.

"तुम्ही इथंच थांबा, मी आणतो," मी म्हटलं.

"माझ्या पायाचं माप तुला काय कळतं?" म्हणून काकू वाळूत उतरल्या.

चार पावलं ठीक गेली. मग वाळू अशी चटकायला लागली की काकू एका पायावर नाचू लागल्या. मागे फिरावं तर रस्ता लांब राहिलेला, टपरीही लांब. त्यांनी दोन्ही हातांनी साडी धरली आणि पन्नाशी ओलांडलेल्या काकू पळत सुटल्या. वाटेत आडव्या पडलेल्या गोऱ्या लोकांना वळसे घालत थेट पाण्यात जाऊन थांबल्या. मी मागून पोचलो तेव्हा त्या घोट्याइतक्या पाण्यात उभ्या होत्या आणि धाप लागलेली असताना हसत होत्या. एक लाट आली, त्यांच्या पोटऱ्या भिजवून मागे गेली. पायाखालची वाळू सरकली तशी त्यांनी माझा दंड धरला.

"ओढतो रे हा," त्या म्हणाल्या.

मला सरांचं सगळं सांगून टाकावंसं वाटत होतं. महत्प्रयासाने गप्प राहिलो. मग त्यांचा चेहरा जरा उतरला.

"सरांना काय सांगू आता?"

"मी पत्र लिहितो."

"लिही. म्हणावं, ती गेली नाही, वाळूनं ढकललं."

कॉव्हेंट्रीला पोचल्यावर मी पत्र लिहिलं. ते असं:

"तीर्थरूप सरांना साष्टांग नमस्कार. काकू पाण्यात उतरल्या. मी उतरवलं नाही, त्याचं श्रेय वाळूला आहे, आणि काकूंचा निरोपही तोच आहे. पाणी गार होतं. त्या हसल्या, खूप हसल्या, पुढे साडी पार गुडघ्यापर्यंत भिजली तरी बाहेर यायला तयार नव्हत्या. पण तुमच्याआधी आपण समुद्रात गेलो याची रुखरुख त्यांना लागली आहे. विमानातही एकदा तेच बोलल्या. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी गप्प राहिलो. आता त्या घरी आल्या की, हे तुमच्याच मनात होतं, एवढं त्यांना तुम्ही सांगा. माझ्याकडून ऐकण्यापेक्षा त्यांना ते तुमच्याकडून ऐकायला आवडेल. तुमचा विद्यार्थी."