पेंटरकाका आणि पाय मोडका द

पेंटरकाका व्हिडिओ बघायचे नाहीत, वाचायचे. कोणी कौतुकाने मोबाइल पुढे करून नातवाच्या बारशाचा व्हिडिओ दाखवला, की ते आधी आवाज बंद करायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि स्क्रीन नाकाला लावायचे. बाळ कोणावर गेलंय, कानात नाव सांगताना आत्याच्या पाठीत किती धपाटे पडले, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. व्हिडिओ संपला की फोन परत देत ते गंभीरपणे म्हणायचे, "बाळ छान आहे. पण प्र फुटलाय." आजोबा बिचारे बाळाला काही लागलं की काय म्हणून घाबरायचे.

माझ्या दुकानातही ते पहिल्यांदा आले ते भांडायलाच. कोपर स्टेशनच्या पश्चिमेला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, आणि लोकांनी लग्नाच्या पत्रिका मोबाइलवर पाठवायला सुरुवात केल्यापासून व्हिडिओ पत्रिका. तीस सेकंदांचा मामला. गणपती येतो, सनई वाजते, वर-वधूची नावं गिरक्या घेत उतरतात आणि शेवटी हॉलचा पत्ता. एक दिवस पांढरा बुशशर्ट घातलेला एक किडकिडीत माणूस काउंटरवर फोन ठेवून म्हणाला, "हे कोणी मारलं?"

पेंटर लोक अक्षर लिहीत नाहीत, मारतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "आम्ही कोणाला काही मारलेलं नाही."

"मग याचं हे काय झालं?" त्यांनी बोट ठेवलं. नवऱ्या मुलाचं नाव ज्ञानेश्वर. स्क्रीनवर आधी पाय मोडका ज, मग मोकळी जागा, आणि पलीकडे उरलेला मुलगा. "लग्न व्हायचंय अजून पोराचं. त्याआधीच दोन तुकडे केलेत तुम्ही."

मी वैतागून सगळं सॉफ्टवेअरवर ढकललं, आणि ते खोटंही नव्हतं. फुकटचं सॉफ्टवेअर ते. इंग्रजी नाव टाकलं तर सोन्याच्या अक्षरांत झळाळत यायचं. मराठी टाकलं की विस्कटायचं. जोडाक्षरं सुटी व्हायची, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. शिवानी लिहिलं की शविानी. "बघा," काका म्हणाले, "वेलांटी शेजारच्या घरात गेली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याला मराठी येत नाही हे मान्य. तुम्हाला तर येतं ना?" त्यांनी खुर्ची ओढून घेतली, आणि त्यानंतर नऊ वर्षं ती खुर्ची त्यांचीच झाली.

काका मूळचे कल्याणचे बोर्ड पेंटर. बाजारपेठेतली धान्याची, साड्यांची, भांड्यांची निम्मी दुकानं त्यांच्या अक्षरांनी ओळखली जायची. फ्लेक्स आला आणि त्यांचा ब्रश बसला. पण त्याबद्दल ते कधी रडगाणं गायले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की बोर्ड कशावरही छापा, नाव मोडायचं नाही. "नाव म्हणजे काय भांडं आहे, पोचा पडला तरी चालेल म्हणायला?" हे ते इतक्यांदा म्हणायचे, की झेरॉक्सला आलेली गिऱ्हाइकंही पुढे पुढे त्यांच्या आधी बोलून मोकळी व्हायची.

त्यांनी काढलेला उपाय ऐकून मला आधी हसू आलं होतं. काळ्या कार्डपेपरवर पांढऱ्या रंगाने नाव मारायचं, मोबाइलने त्याचा फोटो काढायचा आणि तो व्हिडिओत टाकायचा. काळा भाग गायब करायची सोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी दडलेली होती. मी तीन वर्षं ते वापरत होते आणि मला ती कधी दिसली नव्हती. काकांना इंग्रजी जेमतेम वाचता यायचं. त्यांनी एकेक बटण दाबून, काय होतं ते बघून, आठ दिवसांत ती शोधली. पहिल्यांदा गणपतीच्या खाली त्यांच्या हातचं 'ज्ञानेश्वर' उमटलं तेव्हा मी उठून उभी राहिले. अक्षराला वजन असतं हे मला त्या दिवशी कळलं.

सॉफ्टवेअरला ते 'जावई' म्हणायचे. फुकट घरात आलेला, सगळ्यांनी सांभाळून घ्यायचा आणि कधी रुसेल याचा नेम नाही. मी व्हिडिओ अडकला की माउस आपटायची, त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. काका शांत. नव्याण्णव टक्क्यांवर गाडी थांबली की म्हणायचे, "जावई उंबऱ्यात आलाय. आता ढकलू नकोस, उलट्या पावली जाईल." आणि खरोखरच मी घाईने काही दाबलं की सगळं बंद पडून पहिल्यापासून सुरुवात. एकदा तर अपडेट आलं आणि एका साखरपुड्याचं अख्खं काम गडप झालं. मी रडकुंडीला आले. काकांनी सगळी नावं पुन्हा मारली, आधीची जपून ठेवलेली असूनही. का, विचारलं तर म्हणाले, "आधीच्यात वधूच्या नावातला श्री जरा बारीक झालेला."

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. तयार झालेली फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्याशिवाय हातातून सोडायची नाही. संगणकावर काम चालू असताना बरोबर दिसणारं नाव फाइल तयार होताना मोडतं, हा जावयाचा खास गुण होता. मी हा नियम नेहमी पाळला. एकदाच पाळला नाही, आणि तो दिवस माझ्या आईच्या पंचाहत्तरीचा होता.

आमचं घराणं इथलंच, कोपर गावातलं. आईने तरुणपणी मिठागरात टोपल्या उचलल्या. शाळेचं तोंड बघितलं नाही. साठी उलटल्यावर गावातल्या साक्षरता वर्गाला बसली आणि वर्षभर बसून एकच गोष्ट शिकली. स्वतःचं नाव. द्रौपदी. बाकी अक्षरं तिच्या डोक्यात राहिली नाहीत, पण हे नाव ती कुठेही ओळखायची. रेशन कार्डावर, मतदार यादीत बोट फिरवत फिरवत स्वतःपाशी यायची आणि थांबायची. तिला वाचता येतं, एवढाच त्याचा पुरावा होता, आणि तो ती दागिन्यासारखा मिरवायची.

तिच्या पंचाहत्तरीसाठी मी जुन्या फोटोंचा व्हिडिओ केला. काका त्या महिन्यात दुकानात फारसे येत नव्हते. डोळ्यांचं काम आहे म्हणाले होते. म्हटलं, आमंत्रण दिलंय तेवढं पुरे, एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा. नाव मीच टाइप केलं. स्क्रीनवर बरोबर दिसलं. मग जावई तीनदा रुसला, उशीर झाला, आणि तयार फाइल न बघताच मी पेनड्राइव्ह घेऊन गावातल्या मंदिराच्या हॉलवर पळाले.

आई नव्या लुगड्यात पहिल्या रांगेत बसली होती. माझ्या मुलीने तिला सांगून ठेवलेलं, "आजी, तुझं नाव मोठ्ठं येणार." दिवे मालवले, सनई वाजली आणि पडद्यावर आलं ते असं: पाय मोडका द, मग हातभर मोकळी जागा, मग रौपदी. आईने वर्गात शिकवल्याप्रमाणे हवेत बोट धरलं होतं. ते पहिल्याच अक्षरावर अडकलं. तिने पुन्हा सुरुवातीपासून फिरवलं. मग मोठ्याने म्हणाली, "यो माजा नाव नाय."

मागून कोणीतरी हसलं. "अगो, तुजाच हाय. तुला वाचता कुठं येतं!" आईने बोट हळूच खाली घेतलं, पदरात लपवलं आणि म्हणाली, "आसंल. मना कुठं वाचाला येतं."

मला त्या क्षणी धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. पंधरा वर्षं जपलेली एकुलती एक गोष्ट तिने माझ्या एका फाइलीपायी सोडून दिली.

"थांबवा ते," कोपऱ्यातून आवाज आला. पेंटरकाका उभे राहिले होते. "आजींचं बरोबर आहे. ते त्यांचं नाव नाहीच. चूक आमची आहे." दिवे लागले. हॉलच्या दाराशी सूचना लिहायचा फळा होता. काकांनी त्यावरची सूचना बाहीने पुसली आणि खडू उचलला. तेव्हा मला दिसलं. त्यांचा उजवा हात थरथरत होता, साधा नाही, खडू फळ्यावर टकटक वाजेल इतका. म्हणून ते दुकानात येत नव्हते. मी जागची हलले नाही, कारण आता मदत केली तर त्यांना ते सहन होणार नाही, हे मला कळत होतं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि द काढायला घेतला.

किती वेळ लागला कोण जाणे. रेघ नागमोडी आली, मात्रा जरा लांब पडल्या. पण द च्या पोटातून र ची तिरकी रेघ निघाली ती जिथून निघायला हवी तिथूनच. आई खुर्चीतून उठली, फळ्यापाशी गेली आणि बोट ठेवलं. "द्रौ. प. दी." मग वळून त्या हसणाऱ्याकडे बघत म्हणाली, "हां. यो माजा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका खडूचे हात झटकत जागेवर जाऊन बसले, जसं काही पाणी प्यायला उठले होते.

त्यांनी पुसलेली सूचना 'उद्या सकाळी पाणी येणार नाही' अशी होती, हे दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावाला कळलं. आठवडाभर बायका आम्हा दोघांचा उद्धार करत होत्या.

"कंपवात आहे म्हणतात," काकांनी दुकानात येऊन सांगितलं. "माझा हात गेला पोरी. आता जावयालाच शिकवायला हवं." आणि हा माणूस खरोखर शिकवायला बसला. त्यांनी जोडाक्षरांची यादी केली. मोडलेलं अक्षर कसं येतं आणि खरं कसं असतं, याचे फोटो शेजारी शेजारी लावून आम्ही कंपनीला पाठवले. इंग्रजी माझं, राग त्यांचा. उत्तर यायचं ते यंत्राचं: आपला अभिप्राय मोलाचा आहे, कृपया संगणक बंद करून पुन्हा चालू करा. काका वाचून घ्यायचे आणि म्हणायचे, "पुन्हा पाठव." प्रत्येक अपडेटनंतर ते यादीतलं एकेक अक्षर मला टाइप करायला लावून परीक्षा घ्यायचे. आपल्या हाताला इलाज नाही हे त्यांनी एका दिवसात मान्य केलं होतं. सॉफ्टवेअरला इलाज नाही हे मात्र ते शेवटपर्यंत मान्य करायला तयार नव्हते.

आणि एका अपडेटनंतर द्र बरोबर आला. ज्ञ आला, श्र आला, वेलांट्या आपापल्या घरी परतल्या. आमच्या पत्रांमुळे की आपोआप, देव जाणे. मी आनंदाने ओरडले. काकांनी स्क्रीनला नाक लावून सगळी यादी तपासली. "पस्तीस मार्क," ते म्हणाले. "रफार अजून नापास आहे."

पुढे त्यांना कपही धरता येईना, तेव्हा मुलीने त्यांना कळव्याला आपल्या घरी नेलं. तिथून फोन यायचा. कशी आहेस वगैरे नाहीच. "रफार सुधारला का?" मी नाही म्हटलं की समाधानाने हं म्हणायचे, जणू त्यांच्याशिवाय तो सुधारला असता तर वाईट वाटलं असतं.

गेल्या श्रावणात फोन आला तो मुलीचा. काका झोपेतच गेले. शोकसभेसाठी चार फोटोंचा छोटा व्हिडिओ करशील का, तिने विचारलं. "पण नाव नीट ये‍ऊ दे हं ताई. बाबांना..."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मला त्यांचं नावच माहीत नाही. नऊ वर्षं फोनमध्ये, वहीत, तोंडात, सगळीकडे पेंटरकाका. तिने लिहून पाठवलं. मी पदर खोचून सॉफ्टवेअरसमोर बसले. म्हटलं, आज अख्खी रात्र लागली तरी चालेल, पण हे नाव मोडू देणार नाही. टाइप केलं.

मदन बाळू नाईक.

पहिल्या फटक्यात बरोबर आलं. माझा विश्वास बसेना. मागच्या जुन्या संगणकावर नऊ वर्षांपूर्वीचं तेच सॉफ्टवेअर अजून आहे, ते चालू करून त्यात टाकलं. तिथेही बरोबर. एकही जोडाक्षर नाही, रफार नाही, जागा सोडून पळणारी वेलांटी नाही. हे नाव कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये कधीच मोडलं नसतं.

मी काउंटरवर डोकं ठेवून रडले. इतकी वर्षं तो माणूस माझ्यासमोर त्या खुर्चीत बसला, आणि एकदाही म्हणाला नाही, की माझं तर कुठेही बरोबर येतं पोरी, मला काय त्याचं.