माझ्या फ्रीजरमधलं टायरचं रबर

दत्ताराम आधी टायरला भेटायचा, मग माणसाला. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी पिकअपला टेकून उभी, मागे हौद्यात ऑर्डरच्या चाळीस माणसांच्या जेवणाचे टोप, आणि हा गृहस्थ माझ्याकडे पाठ करून पुढच्या चाकाशी उकिडवा बसलेला. त्याने रबरात अंगठ्याचं नख रुतवलं. वास घेतला. हो, वास! मग टायरच्या कडेवरचे चार आकडे बोटाने पुसून वाचले. टायर कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात जन्मला ते तिथे लिहिलेलं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वाचून झाल्यावर त्याने मान वर केली.

"वयनी, हो टायर तुमच्या लग्नातलो काय?"

मी कराडची. तोंडाने हार जाणं आमच्याकडे शिकवत नाहीत. म्हटलं, "लग्नातला नवरा अजून चालतोय, टायरचं काय घेऊन बसलास?"

"नवऱ्याक कोण शंभरच्या स्पीडान पळवता?"

झालं, त्या दिवसापासून तो आमच्या घरचा. त्याचं टायरचं दुकान बहारीनच्या हूरा भागात, आमच्या बिल्डिंगीच्या मागेच होतं. मालक बहारीनी, म्हणजे आमचा अरबाब, पण दुकान चालायचं ते कुडाळकडच्या या माणसाच्या नखावर. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, दत्ताराम टायरकडे बघूनच बोलायचा. एकदा एक साहेब नवी कोरी चकचकीत गाडी घेऊन आले आणि टायर मात्र कुणाचे तरी वापरलेले, स्वस्तातले बसव म्हणाले. दत्ताराम म्हणाला, "डोक्यार फेटो नि पायात काय नाय? मफी, नाय गावाचा. दुसऱ्या दुकानात जावा." अरबाबने कपाळावर हात मारला. दत्ताराम त्याला म्हणाला, "हयसर टायर झिजान मरणत नाय, उन्हान मरतत. वरसून बरो दिसता, आतसून मेलेलो. माणूस खोटा बोलता, रबर खोटा बोलणा नाय."

त्याची मुलगी सुजाता कॅनडात नर्स. जावई निखिल पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, गुणी मुलगा. पण लग्नाच्या बोलणीत सुजाताने सांगितलं होतं, "बाबा ऑटोमोबाइलमध्ये आहेत." दत्ताराम हे हसत हसत सांगायचा. "खोटा काय ता? ऑटोमोबाइलच्या खालीच असतंय मी दिवसभर!" हसायचा खरा, पण सांगताना हातातला पाना पुसत राहायचा, आणि पाना आधीच स्वच्छ असायचा.

तर एका नोव्हेंबरात हा भर दुपारी माझ्या दारात. चेहरा असा की मला वाटलं गावाकडून काही वाईट कळलं.

"चेडवान माका विचारल्यान, वयनी."

"काय विचारलं?"

"बर्फात पिकअपाक खयचे टायर घालूचे."

आदल्या हिवाळ्यात सुजाताची पिकअप बर्फावरून घसरून रस्त्याकडेच्या चरात गेली होती. मागची बाजू गर्रकन फिरली, पोरगी दोन तास त्या थंडीत गाडीत बसून राहिली. आता परत बर्फ तोंडावर, ड्यूटीवर जायला पहाटे चाळीस किलोमीटर, आणि निखिलचं म्हणणं, आहेत ते टायर पुरेत. म्हणून तिने बापाला फोन केला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या कामातलं काही विचारलं होतं.

"मग सांग की. तीस वर्षं टायरच विकतोयस."

"अहो, पण बर्फ मी फकत मासळीच्या टोपलेत बघलंय!"

आता हे खरंच होतं. बहारीनमध्ये हिवाळा म्हणजे काय, तर जानेवारीत दोन दिवस पाऊस पडतो, रस्त्यांची तळी होतात आणि आम्ही स्वेटर घालून फोटो काढतो. पण "माका म्हायती नाय" हे वाक्य दत्तारामच्या तोंडातून टायरबाबत कधी निघालं नव्हतं, आणि मुलीसमोर तर ते निघणारच नव्हतं.

चार दिवसांनी तो प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आत टायरचे बोटभर रुंद दोन तुकडे. एक आपल्याकडच्या साध्या टायरचा. दुसरा कुठल्या तरी थंड देशातून जुन्या टायरांच्या ढिगात चुकून आलेल्या टायरचा. त्याच्या कडेवर डोंगराचं चित्र आणि डोंगरात बर्फाचं फूल होतं, ती बर्फात चालणाऱ्या टायरची खूण म्हणे. "वयनी, फ्रीजरात ठेवा."

"माझ्या सुरमईला टायरचा वास लागला तर तीच तुझ्या ताटात वाढीन."

"वाढा. सुरमय पण रस्त्याक धरून बसात!"

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी फ्रीजर उघडला, पिशवी काढली आणि "माकूल कधी आणलंस?" म्हणत, मासळी समजून ते तुकडे नळाखाली धरले. चांगले चोळून धुतले. प्रयोग एक दिवस लांबला.

शुक्रवारी दत्ताराम इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्वयंपाकघरात उभा. आमच्याकडे संध्याकाळ, त्यांच्याकडे सकाळ. कॅनडाला व्हिडिओ कॉल, फोन मी धरलेला. निखिल हातात कॉफी घेऊन म्हणाला, "बाबा, ऑल-सीझन आहेत आमचे. नावातच आहे ना, सगळ्या ऋतूंत चालतात."

"माझ्या नावात राम आसा. कोण हात जोडता माका?"

निखिल हसला. "बरं, फारच तर मागचे दोन विंटर घेतो."

"पुढे चपला नि मागे बूट घालून चलशात काय, जावयबापू?"

मग त्याने पिशवी उघडली. पहिला तुकडा वाकवायला गेला, तो वाकेना. ओट्यावर आपटला तर टक्क वाजला. दुसरा काढला आणि अंगठ्याभोवती गुंडाळून दाखवला, तो निमूट गुंडाळला गेला. मला अगदी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हातात फोन.

निखिल म्हणाला, "पण बाबा, घरचा फ्रीजर उणे अठरा असतो. इथे उणे तीस होतं."

मी मनात म्हटलं, खलास. पोराने एका वाक्यात दत्तारामला फ्रीजरसकट उडवलं.

दत्तारामची पापणीसुद्धा लवली नाही. "मग तर झालाच! वयनीच्या सुरमयच्या शेजारी ह्या टायराचा लाकूड झाला, तर तुमच्या थय काय होतला?"

निखिलने कॉफी खाली ठेवली. त्याच्या मागे युनिफॉर्ममधली सुजाता कधीची उभी होती. दत्तारामने जावयाला सोडलं आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "सुजू, चारय घे. डोंगराचा चित्र बघून घे. नि हौद्यात वाळूच्या पिशयो टाक, मागच्या चाकांच्या वर, बांधून. रिकामो पिकअप म्हणजे उपाशी बैल. ढुंगण खय फिरवीत, नेम नाय."

"हो बाबा," ती म्हणाली. बस्स, एवढंच.

जानेवारीत दत्ताराम आला, न सांगता खुर्चीत बसला, चहा मागितला. अर्धा कप संपल्यावर म्हणाला, "रात्रभर बर्फ पडलो थय. तीन गाडये चरात. चेडू वेळेर कामार."

आणि मग नाक शिंकरायला म्हणून जो बाथरूममध्ये गेला, तो दहा मिनिटांनी आला.

साठीला त्याने बहारीन सोडलं. सुजाताने हिवाळ्यासाठी तिकडे बोलावलं होतं. मी लाडू दिले, माकडटोपी दिली. निघताना आमच्या ह्यांच्याशी हात मिळवला, खाली उतरून आमच्या पिकअपच्या टायरला नख लावलं, म्हणाला, "आजून दोन उन्हाळे. मग बदला," आणि गेला. रडलो आम्हीच.

त्या दोन तुकड्यांतला एक अजून माझ्या फ्रीजरमध्ये आहे. सून दर वेळी टाकायला काढते, मी परत ठेवते.

गेल्या महिन्यात सुजाताचा व्हिडिओ आला. सगळीकडे पांढरं, आणि मधोमध माझी माकडटोपी, एका भल्यामोठ्या पिकअपच्या चाकाशी उकिडवी बसलेली. हातमोजा काढून नख रुतवणं चाललंय. बाजूला सहा फुटी गोरा शेजारी घाबरून उभा, त्याच्या मागे आणखी दोघं आपापल्या गाड्या घेऊन थांबलेले. सुजाताचा आवाज येतो, मोठा, कुणालाही ऐकू जाईल असा: "माय फादर. ही इज अ टायर मॅन. थर्टी इयर्स!"

दत्ताराम चार आकडे पुसून वाचतो. मान वर करतो.

"सुजू, इचार ह्याका. हो टायर तुझ्या लग्नातलो काय?"

आणि ती इंग्रजीत विचारते.