त्रास न देणारी मुलगी

संयोगिता एसटीत कंडक्टर. कोल्हापूर-हुपरी गाडीवर तिची ड्युटी. पैंजणांच्या पिशव्या मांडीवर धरून बसलेले हुपरीचे चांदी कारागीर असोत की दारात लोंबकळणारी कॉलेजची पोरं, तिचा आवाज चढला की अख्खी गाडी निमूट पुढं सरकायची. असल्या बाईचं मुलीच्या शाळेत कुणी ऐकून घेत नव्हतं, हे तिचं तिलाच खरं वाटायचं नाही.

मुलगी निशिगंधा नववीत. लहानपणीच डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं होतं. गल्लीतल्या प्राथमिक शाळेत पोरं मोजकी आणि बाई सांभाळून घेणाऱ्या, त्यामुळं ती वर्षं निभावली. हायस्कूलमध्ये वर्ग खच्चून भरलेला. तरी मार्क चांगले पडत होते आणि प्रत्येक पालकसभेत एकच वाक्य ऐकू यायचं, "शांत मुलगी आहे. काही त्रास नाही."

त्रास असायचा तो घरात. शाळेतनं आली की निशिगंधा दप्तरासकट कपाटाच्या आणि भिंतीच्या सापटीत शिरायची, डोकं आपटायची, हाताला चावे घ्यायची. पूर्वी न विचारता दिवसभराचं सगळं सांगणारी पोर आता रविवार सोडला तर बोलतच नव्हती.

"शाळंत गुणी आणि घरात थेरं," सासू बाळाबाई म्हणायच्या. "तूच लाडावून ठेवलीयास."

"आत्याबाई, थेरं करणारी पोर हाताला रक्त येस्तवर चावत न्हाय," असं म्हणून संयोगिता हळद शोधायला लागायची. पण खरं कारण तिलाही सापडत नव्हतं.

मग एकदा पोरीला ताप भरला. लघवीला जळजळ. बाळाबाईंनी उन्हाळी लागली म्हणून धण्याचं पाणी दिलं, पण उतार पडेना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "ही दिवसभर पाणी पीत नाही, लघवी दाबून धरते. शाळेत काय होतंय ते बघा."

निशिगंधाला 'का' विचारलं की उत्तर यायचं नाही, हे संयोगिताला अनुभवानं ठाऊक होतं. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "तू शाळंत बाथरूमला गेलीस. मग काय झालं?"

"कडी लागत न्हाय. पोरी दार वाजवतात. हसतात. मग घंटा होते. सर म्हणतात उशीर झाला, उभी रहा. पाणी पिलं न्हाय तर जायला लागत न्हाय."

"कधीपासनं?"

"आठवीपासनं."

संयोगिता रजा टाकून शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि वर्गशिक्षकांकडं बघितलं. वर्गशिक्षक म्हणाले, "आमच्याकडं ती कधी काही बोललीच नाही."

"तेच तर सांगाय लागलोय की, सर! तिला सांगता येत न्हाय. तुमी बघायला पायजे."

"पण तिची प्रगती उत्तम आहे, ताई. मदत लागते ती मागं पडणाऱ्या मुलांना."

"मार्क पडत्यात म्हणजे पोरगी बरी हाय, असं कुणी ठरवलं?"

शेवटी शिक्षिकांचं स्वच्छतागृह वापरायची परवानगी मिळाली. गोंगाट सोसवेना तर ग्रंथालयात जाऊन बसायचं, असंही ठरलं. पंधरवडाभर बरं चाललं. मग ग्रंथालयाचा शिपाई रजेवर गेला आणि दाराला कुलूप लागलं. त्यातच बदली तासाला आलेल्या सरांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. निशिगंधा न विचारता उठली म्हणून त्यांनी तिला फळ्याजवळ उभं केलं आणि पोरं हसत सुटली.

त्या दुपारी हुपरीहून आलेली गाडी स्टँडात शिरली, तर फलाटाच्या खांबाला चिकटून, दोन्ही कानांवर हात दाबून निशिगंधा उभी. एवढा रहदारीचा रस्ता पोर एकटी चालत आली होती. संयोगितानं शाळेला फोन लावला.

"निशिगंधा? वर्गात असेल की," पलीकडनं उत्तर आलं. "हजेरी लागलीय तिची."

"वर्गात न्हाय ती! माझ्याजवळ हाय!" संयोगिता एवढ्यानं ओरडली, की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा सूर पार बदललेला. चहाबिहा नाही. "ही जबाबदारी आम्हाला झेपणार नाही, ताई. तिला विशेष शाळेत घाला."

"काल-परवापर्यंत त्रास देत न्हाय म्हणून मदत न्हाय. आता त्रास झाला, तर जागाच न्हाय? मग माझ्या पोरीनं नेमकं वागायचं तरी कसं, सर?"



तिनं शिक्षण विभागात खेटे घालायला सुरुवात केली. कधी साहेब बैठकीला, कधी फाईल दुसऱ्या टेबलावर. या खेट्यांतच शाळांना भेटी देणाऱ्या विशेष शिक्षिका अनुजा मॅडम भेटल्या. त्यांच्याकडं शाळांचा एवढा पसारा होता, की एकीसाठी रोज येणं शक्यच नव्हतं. पण त्या घरी आल्या, निशिगंधासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुला कुठल्या शाळेत जायचंय?"

संयोगिता चपापली. एवढ्या भांडणात हे पोरीला कुणीच विचारलं नव्हतं, तिनंसुद्धा नाही.

"हीच शाळा," निशिगंधा म्हणाली. "खालचा वर्ग पाहिजे. वरच्या वर्गाला जिना हाय. जिन्यात सगळी ढकलतात. खालच्या वर्गात प्रियदर्शनी बसते. ती मला हात लावत न्हाय."

एवढंच मागणं. मुख्याध्यापक म्हणाले, वर्षाच्या मध्ये तुकडी बदलता येत नाही. वर्गशिक्षक म्हणाले, इतर पालकही मागतील. अनुजा मॅडमनी वरनं आदेश आणला, तरी अंमल व्हायला दिवाळी उलटून गेली. निशिगंधा खालच्या वर्गात गेली. तिथल्या बाईंनी तिला दाराजवळची जागा दिली आणि उठून जायचं असेल तेव्हा फक्त हात वर करायला सांगितलं. हातावरच्या चाव्यांच्या जखमा हळूहळू सुकायला लागल्या. सापटीत शिरणं अजून सुटलेलं नाही.

पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापक हसून म्हणाले, "बघा, आता काही त्रास नाही तुमच्या मुलीचा."

संयोगिता हसली नाही. "माझ्या पोरीला काय त्रास हाय काय, ते इचारा," ती म्हणाली आणि पर्स उचलून ड्युटीवर निघाली.